उठल्यावर रेणुका काय म्हनते

९ ऑक्टोबर

ही डायरी सुनेनं, दिव्यानीनं देली. बियान्याच्या दुकानातून फुकट भेटलेली, वरतं धानाच्या लोंबीचा फोटो. म्हनते, "आई, रोज दोन ओळी लिहा. पात्र मनात उतरते." माह्या मनात काही उतरून नाई राह्यलं. धान कापनीले आलं, मजूर भेटत नाई, अन् मी पात्र उतरवत बसू. पन दिव्यानी रोज इचारन, लिहलं का, लिहलं का. त्यापरीस लिहलेलं बरं.

झालं असं. आमच्या गावात दिवारीनंतर मंडईची जत्रा भरते अन् मंडईले आमची दंडार राह्यते. पडदा नाई, स्टेज नाई, मधात नाचनारे, चारी बाजूनं लोकं. दरवर्सी रेणुकेचीच दंडार. गावातला डोमा रेणुका बनते. दिवारी आली का तो मिशा काढते, बायको त्याले लुगडं नेसवून देते. यंदा दिव्यानीनं रेणुका नव्यानं लिहली. आरमोरीच्या कॉलेजात शिकवते ती. तिनं सांगतलं का आता शहरात अशी पुस्तकं निघून राह्यली, जुन्याच कथा पन बायायच्या तोंडून. सीता काय म्हनते, मंदोदरी काय म्हनते, अहिल्या दगडात बसून काय म्हनते. मी म्हनलं, हजार वर्स चूप व्हत्या तं अजून दोन महिने चूप राह्याच्या व्हत्या, धान घरात येईपावतर.

काल दंडार मंडळाची मिटिंग. दिव्यानी म्हने, रेणुका बाईनंच कराव. एक बाई उभी राह्यली नाई. कोनाची सासू नाई म्हनते, कोनाचा नवरा. मंडळाचे अध्यक्ष श्रावणभाऊ म्हनले, पाह्यलं ना पोरी, जाऊ दे. तिकडे मी चुलीवर भात ठेवून आल्ती. मी म्हनलं, "एवढी झंझट कायले? मीच करतो." सप्पा हासले. डोमा म्हने, "सोमारीबाई, तुमची नातीन होयाची उमर, तुम्ही रेणुका?" मी म्हनलं, "तुह्या मिशा व्हत्या तं चालते, माहे केस पिकले तं नाई चालत?"

सगडे हासले, सुनिल तेवढा हासला नाई. सुनिल माहा लेक, दिव्यानीचा नवरा, मंडळाचा सचिव, दंडारीत पेटी वाजवते. मोबाईलमदी पाहत बसला. भात करपला.

१३ ऑक्टोबर

डोमा आता जमदग्नी, म्हंजे रेणुकेचा नवरा. पवन परशुराम. पवन ट्रॅक्टर चालवते, छाती मोठी, अक्कल बेताची.

कथा सप्पायले माहीत हाय. रेणुका नदीवर पानी भराले गेली. तिथी गंधर्व पान्यात खेळून राह्यले, ती पाहत उभी राह्यली. उशीर झाला. जमदग्नीचं डोस्कं फिरलं. चार लेकायले म्हनला, माय मारा. त्यायनं नाई म्हनलं. पाचवा परशुराम, त्यानं कुऱ्हाड घेतली अन् मान कापली. बाप खूश. माग वर! परशुराम म्हनते, माय जित्ती करा, अन् तिले यातलं काहीच आठवू नोको द्या. मंग रेणुका उठते. लेक इचारते, "आई, तुले काही आठवते का?" ती म्हनते, "कायचं आठवन बाळा, भल्ली झोप लागल्ती." झालं. गानं. नारळ. घरी.

सीदी गोष्ट हाय. दिव्यानीले याच्यात काय खुपते मले समजत नाई.

१८ ऑक्टोबर

आज वाचन. दिव्यानीच्या लिहन्यात रेणुका उठतच नाई. लेक वर मागते, बाप देते, अन् रेणुका तशीच पडून राह्यते. दंडार खतम.

श्रावणभाऊ उठूनच उभे झाले. "हे होनार नाई. मेलेलं पात्र उभं केल्याबिगर दंडार मोडत नाई." आमच्या गावची रीतच हाय ते. राक्षस असो का राजा, मेला तं गाव घरी जायच्या आंदी त्याले उभा कराव, लोकायनं त्याले जित्ता पाहाव, मंगच नारळ. मांगं एका वर्सी रावन मेला तो मेलाच राह्यला, पानी आलं म्हून लोकं पयाले. त्या वर्सी धानावर असा तुडतुडा आला का धान सोडा, पेंढ्याची तनीस बी हाती लागली नाई.

दिव्यानी म्हने, हे अंधश्रद्धा हाय. मी म्हनलं, असन. पन धान आमचं हाय. उठाव तं लागन.

डोमा म्हने, "उठू दे वो पोरी. मी वीस-पंचवीस वर्स उठलो, काही बिघडलं नाई माहं."

दिव्यानीनं पानं गुंडाळली. मंग म्हने, "ठीक हाय. उठन. पन तिले आठवन."

सुनिलची पेटी जवरच व्हती. तो भाता दाबून पाहत व्हता, हवा कुठून जाते म्हून. हवा कुठूनच जात नव्हती, मी पाह्यलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

तिनं नवा शेवट लिहून आनला. चार पानं. उठल्यावर रेणुका चार पानं बोलते. मी म्हनलं, मान कापलेली बाई चार पानं बोलन का? आंदी पानी मांगन. दिव्यानीले हासू आलं, पन पान एक बी कमी केलं नाई.

यंदा दंडार दिवसा होनार. वाघ फिरून राह्यला, वैनगंगेकडल्या धानाच्या बांधीत पायाचे ठसे भेटले. जंगलवाल्यायनं सांगून ठेवलं, दिवस बुडाच्या आंदी लोकं घरी पाह्यजेत. डोमा नाराज, उन्हात पावडर वाहून जाते म्हने. मी खूश. रातचं जागरन वाचलं.

२९ ऑक्टोबर

डोक्यावर घागर घेऊन नाचाव लागते. उजव्या हातानं घागर वरती जात नाई माह्यानं, मनगट वाकडं हाय. डाव्यानं धरली तं दिव्यानी म्हने, "आई, हात कसा मोडला व्हता तुमचा?" मी म्हनलं, पावसात धानाचा रोवना करता करता बांधीत घसरली. नेहमी तेच सांगतो.

डोमाले मधात बोलाची सवयच. "रोवन्यात कुठी? मंडईच्या दिवशी प्लास्टर व्हतं ना तुमच्या हाताले. मी लुगडं मांगाले आल्तो तुमचं, तुमीच एका हातानं काढून देलं. दिवारीत कोनाचा रोवना चालते?"

मी म्हनलं, "डोमा, तू जमदग्नी हाय. जमदग्नीची दाढी लाव अन् चूप राह्य."

दिव्यानी माह्याकडे पाहत राह्यली. भल्लं पाहते ती पोरगी. कॉलेजात असंच शिकवत असन.

३ नोव्हेंबर

आज खटका उडाला. परशुराम कुऱ्हाड उचलते तिथी दिव्यानी पवनले म्हने, तोंडावर लाज दिसाले नोको, अभिमान दिसाव, बापाचा लाडका होयाची हाव दिसाव.

मले राग आला. मी म्हनलं, "त्याच्यावरच काऊन सप्पा ढकलता? बाप दारात उभा हाय, वरडून राह्यला, गाव पाहून राह्यलं. पोट्टं काय करन? एकोनवीस वर्साचं पोट्टं!"

दिव्यानी म्हने, "आई, परशुरामाचं वय कुठीच लिहलं नाई."

मी म्हनलं, नसन लिहलं. दिसते तेवढाच.

पवन म्हने, मी अठ्ठाईसचा हाव. त्याले कोनी इचारलं नव्हतं.

सुनिल पानी प्याले गेला तो आलाच नाई. पेटीबिगर प्रॅक्टिस झाली. चांगली पेटी हाय ती, माह्या बुढ्यानं, सुनिलच्या बापानं घेऊन देल्ती त्याले. कधी एक रुपया हातावर न ठेवनारा मानूस, त्या दिवारीत नागपूरले जाऊन पेटी घेऊन आला. एवढा खूश व्हता लेकावर. बुढ्याले जाऊन लय वर्स झाले, पेटी अजून चांगली हाय.

६ नोव्हेंबर

जेवताना सुनिल बायकोले म्हने, "आईले चार पानं पाठ होत नाई. जुनाच शेवट ठेव. झोप लागल्ती म्हनन, मोकरी होईन."

पाठ मले होत नाई हे याले कोनी सांगतलं? मले पहिलीतल्या कविता अजून येतेत. मी म्हनलं, "पाठ होते. बोलाव का नाई ते मी पाहीन."

पन खरं लिहतो. प्रॅक्टिसमदी पवन "तुले काही आठवते का" म्हनते अन् माह्या तोंडातून जुनंच निंगते. कायचं आठवन बाळा. रोजच. दिव्यानी डोस्क्याले हात लावते. तिची कॉलेजातली मानसं येनार हायेत मंडईले, तिच्या लिहन्याची लाज जाईन. श्रावणभाऊ म्हनते, यंदा फसलं तं पुढं बाईले दंडारीत पाय ठेवू देनार नाई. म्हंजे सप्पा माह्याच जिभेवर येऊन बसलं.

मले इचारा तं जुनं वाक्य चांगलं हाय. लहान हाय. सगडे घरी जातेत.

९ नोव्हेंबर

दिव्यानी अनारशाचं पीठ मळता मळता म्हने, "आई, रेणुका नदीवर पाहत काय असन?"

मी म्हनलं, पाहत असन कायी. बाईमानूस पाहते म्हंजे काय, डोरे हायेत. मी पाह्यलं नाई का? आरमोरीले नाटक आलं व्हतं, आमी चार बाया गेलो बैलगाडीनं. असं नाटक, असे लाईट, राजाच्या अंगावर खरा मखमल. चौघीयपैकी एक बी मधात उठली नाई. गाडीवान झोपला, आमाले सकार झाली. घरी आली तं बुढा दारात. आत जाले निंगाली तं म्हनला, हिले बाहेर काढ. मले नाई म्हनला. लेकाले म्हनला.

एवढं मी तिले नाई सांगतलं. इथीच लिहून राह्यली. तिले सांगतलं, पीठ सैल झालं तुहं.

१२ नोव्हेंबर, दिवारी

अनारसे फसले.

१८ नोव्हेंबर, मंडई

आत्ताच घरी आली. तोंड धुतलं तं पान्यात सप्पा लाल रंग.

गर्दी भल्ली. आजूबाजूचे गावं आले, दिव्यानीच्या कॉलेजातले मानसं खुर्चीवर, बाकी तनशीवर. ऊन तिरपं व्हतं. गनपतीचा गन झाला, डोमानं दाढी लावून असा राग केला का लेकरं मायच्या मांगं लपले. मी घागर घेऊन नाचली. बाया हासल्या, मंग हासनं बंद झालं. म्हातारी नाचते म्हून हासत व्हत्या, नदी आली तं पाहाले लागल्या.

पवननं कुऱ्हाड मारली. मी पडली. जमीन गरम व्हती. पडल्या पडल्या चारी पानं डोक्यातून गेले, एक सबद नाई राह्यला. वरती श्रावणभाऊ हरूच म्हने, उठा बाई उठा, दिवस बुडून राह्यला, वाघाचं भेव हाय. मी उठली.

पवन म्हने, "आई, तुले काही आठवते का?"

पवनकडे पाहाचं व्हतं. पन त्याच्या मांगून ऊन डोऱ्यात आलं, म्हून मी दुसरीकडे तोंड केलं. तिकडे पेटी व्हती. मी म्हनलं, "आठवते."

अन् तोंडातून अजून निंगालं, "सबद तुह्या बापाचा व्हता. हात तुहा व्हता."

एवढंच. चार पानातलं एक बी वाक्य नाई. पुढं काय बोलाव मले समजलं नाई, म्हून चूप उभी राह्यली. पवन घाबरला, त्याचं पुढचं वाक्य माह्या चौथ्या पानानंतर व्हतं. डोमा दाढी धरून उभा. पेटी बंद पडली. आखरीचं गानं पेटीबिगर, नुसत्या ढोलकीवर. असं कधी होत नाई, सुनिलले इचाराव लागन काय बिघडलं म्हून.

लोकायनं टाळ्या वाजवल्या नाई. बाया उठून जवर आल्या. एकीनं माह्या हाताले हात लावला अन् तशीच गेली. श्रावणभाऊनं घाईनं नारळ फोडला, तो बी सडका निंगाला. दिव्यानीची चार पानं वाया गेली, मी तिले म्हनलं, माफ कर बाप्पा, विसरली. ती रडून राह्यली व्हती. एवढं रडाचं काय, पुढच्या वर्सी वाचून दाखवीन.

२० नोव्हेंबर



काल दिव्यानीनं डोमाच्या घरी जाऊन इचारलं. डोमाचं तोंड म्हंजे फाटकं पोतं. आता हिले सप्पा समजलं. सुनिलले जेवन वाढते अन् तोंड फिरवते. मले दूध आनून देते, पाय चेपू का म्हनते. मले भल्ला राग आला. मी म्हनलं, "मी तीस वर्स पाय चेपून नाई घेतले, आता काय झालं? माहा लेक हाय तो. बाप गेल्यावर माहा दवाखाना त्यानं केला, घर त्यानं उभं केलं. तू काल आली."

ती म्हने, "मंग तुमी काऊन बोलल्या, आई?"

ऊन डोऱ्यात व्हतं, एवढं मले माहीत हाय.

२१ नोव्हेंबर

बांधीत कापनी चालू. सुनिल माह्या बाजूच्या ओळीत. पेंडी बांधता बांधता म्हने, "आई, मले वाटलं तू विसरली."

मी म्हनलं, "तुले तसं वाटाव म्हून तं विसरली."

तो पेंडीवरच बसला. मजूर पाहून राह्यले. मी म्हनलं, ऊठ, लोकं पाहतेत. नाई उठला. मी कापत पुढं गेली. पुढं जाऊन उभी राह्यली, मांगं पाह्यलं, तो तसाच. काय कराव समजत नाई असं मले कधी होत नाई. त्याले पानी नेऊन देलं. पेला घेतला त्यानं, पेला घेताना माह्या मनगटाले हात लागू नाई देला.

मले कीव बी नाई पाह्यजे अन् हे असं बी नाई पाह्यजे. कोनाले काय पाह्यजे ते त्यायनंच ठरवाव अन् मले धान कापू द्याव.

२५ नोव्हेंबर

कुरखेड्याहून फोन. तिकडल्या मंडळाले आमची रेणुका पाह्यजे, त्यायच्या मंडईले. कोनी मोबाईलवर पाह्यली म्हने. श्रावणभाऊ म्हनले, जाऊ, पन जुन्या शेवटानं. मंडईत गावाची शोभा झाली, तेवढी बस.

सुनिल सचिव हाय, त्याले हाव-नाई कराचं. सप्पा त्याच्याकडे पाहत व्हते. मी बी. मनात म्हनलं, जुन्याले हाव म्हन रे बाप्पा, सगडे सुटतीन. खरंच म्हनलं. अन् म्हनून झाल्यावर मलेच कसंतरी झालं.

तो म्हने, "शेवट आईनं केला तोच राहीन."

श्रावणभाऊ वरडले. सुनिल आयकून घेत राह्यला. मंग म्हने, "अन् परशुराम पवन नाई करत. मी करतो."

पवन म्हने, काऊन, मी काय केलं? मी सुनिलले म्हनलं, "तुले नाचता येत नाई. लहानपनी बी येत नव्हतं. पेटी कोन वाजवन?"

"पाहू," म्हने. "नाचाले शिकतो."

दिव्यानीनं त्याच्याकडे पाह्यलं. मंडईपासून पहिल्यांदा पाह्यलं तिनं. मी घरी आली. या लोकायले काम नाई.

२९ नोव्हेंबर

अवकाळी पानी. कापलेलं धान बांधीत, त्याच्यावर ताडपत्री, अन् ताडपत्रीवर दगड ठेवाले मानसं नाई, काऊन का मानसं समाजमंदिरात नाचून राह्यले. मी बी तिथीच. सुनिल नाचते म्हंजे बैल चिखलात. डोमा त्याले पाय शिकवते, "अरे सचिव, उजवा म्हंजे तो नाई, दुसरा!" पेटीवर दिव्यानी बसली. तिले तीनच सूर येतेत, तेच वाजवते.

मी पडली. उठली. समोर सुनिल.

त्याचं वाक्य एकच हाय, आई, तुले काही आठवते का. लहान लेकरू बी बोलन. त्यानं तोंड उघडलं. बंद केलं. बाहेर पत्र्यावर पानी वाजून राह्यलं. दिव्यानीनं तीन सूर वाजवले, पुन्हा वाजवले, मंग हात काढून घेतला. सुनिलच्या हातात लाकडाची कुऱ्हाड, ती त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. माह्याकडे पाहत व्हता. मी बी पाह्यलं.

पवनले वाटलं विसरला. तो हरूच पुढं झाला वाक्य सांगाले. मी पवनले हातानंच म्हनलं, चूप राह्य. येईन त्याले.